उंबरठ्याबाहेरची सुईण

४ मार्च

सूनबाई,

आशीर्वाद पाठवतेय. घ्यायचा नसेल तर पाकिटातच राहू दे, मला परत नको.

भावाकडे गेलीस ते गेलीस, पण गॅसवर दूध ठेवून गेलीस. मी अंघोळ करून बाहेर येईपर्यंत पातेलं काळंठिक्कर. घासून काढलं मी. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर तुला वाटेल सासूला फक्त मोठ्या गोष्टींचाच राग येतो.

आता कामाचं. सुईणींच्या नोंदणी समितीची चष्मेवाली तपासनीस बाई तुझ्याकडे येणार आहे, भावाचा पत्ता मीच दिला तिला. बोलायला गोड आहे, ‘ताई ताई’ करेल, पाणी मागेल. त्या गोडव्यात वाहून जाऊ नकोस. ती एकच गोष्ट विचारायला येतेय, आणि तिचं उत्तर तुला ठाऊक आहे. त्या दुपारी मी खोलीच्या आत होते की बाहेर?

कायदा तुला मी आधीही समजावला होता, पण तुझं लक्ष पोटाकडे होतं, म्हणून परत लिहिते. बाई घरी बाळंत झाली तर तो गुन्हा नाही. नोंदणी असलेली सुईण हवी, दवाखान्याची परवानगी हवी. ते काही नसताना बाई आपली आपण बाळंत झाली, तरी तिला कुणी पकडत नाही, कळा काही अर्ज करून येत नाहीत. पण नोंदणी स्थगित झालेली सुईण जर बाळंतिणीच्या खोलीत असली, तर तिला तुरुंग, आणि तिचं नाव यादीतून कायमचं जातं. नियमात ‘खोलीत हजर’ असं लिहिलंय. उंबरठा ओलांडला की हजर. उंबरठ्याबाहेर वेताचा मोडा टाकून बसलं, तोंडानं सांगत राहिलं, तर हजर नाही. स्थगिती लागलेल्या आम्ही सगळ्याजणी असंच करतो. बाहेर बसून कितीतरी मुलं सुखरूप आणलीत आमच्यातल्या बायकांनी. तुझ्या वेळीही तसंच ठरलं होतं आणि तू मान हलवली होतीस.

मला स्थगिती का लागली तेही तिला सांग, विचारलंन तर. जुळं होतं, आणि जुळं घरी करायचं नाही असा नियम आहे. मी केलं. दोन्ही पोरं ठणठणीत आहेत. ज्या दवाखान्यात मी अर्धं आयुष्य घासलं, तिथल्या मोठ्या बाईंनीच माझ्याविरुद्ध तक्रार केली, कारण ती बाळंतीण त्यांच्याकडे जायची सोडून माझ्याकडे आली. अशा लोकांच्या हातात मी माझ्या घरातलं पहिलं मूल देणार नव्हते. एवढा अभिमान मला आहे, आणि तो असायलाच हवा.

तेव्हा जे घडलं ते सांग. आई बाहेर होत्या, आत पाऊल टाकलं नाही, हात लावला नाही. एवढंच. खरं बोलायला काय जातंय तुझं?

तुझी सासू

१९ मार्च

सूनबाई,

पत्र मिळालं नाही असं म्हणू नकोस. पोस्टमन ओळखीचा आहे, त्याचे दोन्ही मुलगे माझ्या हातचे.

मूग गिळून बसायची तुझी ही सवय मला पहिल्यापासून आवडली नाही. लग्न होऊन आलीस तेव्हा वाटलं, लाजाळू आहे. मग वाटलं, मंद आहे. आता कळतंय की तू साठवत असतेस. चष्म्याच्या दुकानात दिवसभर खाली मान घालून, कानाच्या काडीतले मुंगीएवढे स्क्रू बसवत राहायचं, आणि मनात काय चाललंय ते कुणाला कळू द्यायचं नाही. एवढे नाजूक हात तुझे, लोक नावाजतात. आणि स्वतःच्या मुलीची पाठ चोळायला ते हात उचलले नाहीत. मी बाहेरून घसा फोडून सांगत होते. कुशीवर घे. तोंडातलं पुसून काढ. पाठ चोळ, जोरात चोळ, ती काही काचेची नाही. तोंडाला तोंड लाव आणि हळू फुंकर घाल. यातलं कठीण काय होतं? आणि तू आतून एकच पालुपद लावलंस, ‘आई, तुम्ही या. आई, मला जमत नाही, तुम्ही या.’

असो. ते उगाळून मुलगी परत येणार नाही.

माझा मुलगा पुढच्या महिन्यात घरी येतोय. बोट बंदराला लागली की थेट इकडेच. तू भावाकडे गेलीस हे मी त्याला सांगितलंय, घर खायला उठतं म्हणून गेली असं. आणखी एक गोष्ट मी त्याला सांगितली आहे, तीही तुला माहीत असायला हवी, म्हणजे दोघींच्या बोलण्यात फरक पडायचा नाही.

बातमी कळली तेव्हा त्यानं बोटीवरून फोन केला होता. मागे ते इंजिन धडधडतंय, त्याचा आवाज तुटतोय. म्हणाला, “आई, तू होतीस ना तिच्यापाशी? एकटी नव्हती ना ती?” चहूकडे पाणी, आणि मधे माझं लेकरू. त्याला मी काय सांगायला हवं होतं, तूच सांग. मी म्हटलं, होते. आत गेले. नियमबियम काही बघितला नाही म्हटलं, तुरुंगात घाला मला. माझ्या हातांनी पाठ चोळली, तळपाय चोळले, दम संपेपर्यंत फुंकर घालत राहिले. पण ती आपली नव्हतीच, म्हटलं. तो खूप रडला. मग म्हणाला, “तू होतीस म्हणून मला धीर आहे, आई. शेवटी तुझ्या हातात गेली.”

आता यात कुणाचं काय बिघडलं? समितीला घडलं ते सांग, आणि माझ्या मुलाला मी सांगितलंय ते सांग. त्यांची काही गाठ पडायची नाही. तो इंजिनाच्या तेलात हात बरबटून बसणारा माणूस, त्याचा सरकारी कचेरीशी संबंध काय?

बाकी ठीक. तुझ्या खोलीच्या दाराचं हँडल ढिलं झालंय, हातात येतं. सुतार बघायला हवा.

सासू

७ एप्रिल

सूनबाई,

तो आलाय. वाळलाय. आल्या आल्या तुझ्या खोलीत जाऊन पलंगावर बसला आणि बराच वेळ उठला नाही. तुला फोन केला म्हणतो, तू उचललास आणि बोलली नाहीस, नुसती ऐकत राहिलीस. नवऱ्याशीही मौनव्रत? मला शिक्षा करायची ती कर, त्याला कशाला?

सुतार लागला नाही, त्यानंच ते हँडल काढलं. इंजिनवाल्याला घरात स्वस्थ बसवत नाही. स्क्रू हातात घेऊन उलटेपालटे करत होता. म्हणाला, “आई, हे बाहेरचं हँडल आहे.”

“मग?”

“दार आत उघडतं. बाहेरून आत जाणारा माणूस ढकलतो. बाहेरच्या हँडलला ओढायचं कामच फारसं पडत नाही. आणि हे बघ, लाकडाच्या धाग्यासकट उपटून आलंय. ओढलं कुणी एवढं?”

मी म्हटलं, लहानपणी तूच लोंबकळायचास त्याला, अजून टिकलं हेच नवल. तो हसला. लाकडात काड्या ठोकून त्यानं ते परत बसवलं, पण आधीसारखी पकड नाही.

पेचकस शोधायला माळ्यावर चढला तेव्हा त्याला तुझी दवाखान्याची पिशवी सापडली. टोपडं, दोन गाऊन, जादाचा चष्मा, नाव घातलेली फाइल. खाली उतरला तो पिशवी पोटाशी धरूनच. “ही भरून तयार होती? मग गेली का नाही?” मी म्हटलं, तिलाच नको होतं, दवाखान्याचं नाव काढलं की रडायची, तिनंच मला पिशवी वर टाकायला लावली. हे मी तुला सांगून ठेवते, म्हणजे त्यानं विचारलं तर गोंधळ नको. आणि अगदीच खोटं नाही ते. रडलीच होतीस तू, पिशवी वर टाकली तेव्हा.

आता नीट वाच. चष्मेवाली दोनदा माझ्याकडे येऊन गेली. ती म्हणते, तुमची सून भेटते, चहा करते, पण जबाब देत नाही. सुनावणीची तारीख लागली आहे. तुझ्या जबाबाशिवाय माझी नोंदणी लटकत राहणार, आणि ही नोंदणी म्हणजे माझा चुडीदार नाही की जुना झाला आणि टाकला. हात आहेत तोवर मला ते काम करायचंय. त्याच्याशिवाय मी कोण? एक म्हातारी, जी पातेली घासते.

मला धाक घालायला आवडत नाही, पण तू भाग पाडतेस. मूल दगावलं की आधी सुईणीची चौकशी होते. सुईण नव्हतीच असं ठरलं, की आईची होते. तू आत एकटी होतीस. मूल जन्मलं तेव्हा त्याला तुझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि तू त्याच्यासाठी काही केलं नाहीस. हे मी समितीपुढे सांभाळून मांडू शकते, पहिलटकरीण होती, गांगरली, असं. किंवा न सांभाळता मांडू शकते. चष्म्याच्या दुकानात मग तुला कुणी गिऱ्हाइकासमोर बसवणार नाही.

आणि ते दाराचं मनात घेऊन बसली असशील तर काढून टाक. तसल्या अवस्थेत बाईनं उठायचंच नसतं, हे मी आधीपासून बजावलं होतं. वार पडायची होती अजून. तू तिला घेऊन उठलीस, भिंतीला धरत दारापर्यंत आलीस आणि आतून ओढायला लागलीस. मी दार धरलं ते तू भोवळ येऊन उंबरठ्यावर पडशील म्हणून. दुसरं काही माझ्या मनात नव्हतं. बाहेर आली असतीस तर तिला माझ्या हातात दिली असतीस, आणि मग सगळंच संपलं असतं. ॲम्ब्युलन्सला फोन मीच केला होता हेही विसरू नकोस. ती माणसं आली तेव्हा मी मोड्यावर होते, त्यांनीच दार ढकललं.

उत्तर पाठव. दोन ओळी पुरेत.

सासू

१५ एप्रिल

आई,

तपासनीस बाई काल येऊन गेल्या. मी जबाब दिला आणि सही केली.

तुम्ही यांना फोनवर जे सांगितलं होतं तेच मी सांगितलं. पत्र समोर ठेवून सांगितलं, म्हणजे एखादा शब्दही चुकायला नको. आई आत आल्या. नियमबियम काही बघितला नाही. त्यांच्या हातांनी पाठ चोळली, तळपाय चोळले, दम संपेपर्यंत फुंकर घालत राहिल्या. बाळ शेवटी त्यांच्या हातात गेलं.

बाईंनी विचारलं, “नक्की ना? याचे परिणाम काय होतात माहीत आहे ना?” मी म्हटलं, माझ्या नवऱ्याला विचारा, खुद्द आईंनीच सांगितलंय त्यांना. त्या यांना सुनावणीला बोलावणार आहेत.

तुमच्याबद्दल एवढं चांगलं आजवर कुणी बोललं नसेल. मला बोलताना दोनदा रडू आलं, इतकं ते चांगलं होतं. तसंच झालं असतं तर मी तुमचे पाय धुतले असते.

खरं वेगळं असेल तर ते यांना सांगा. ते घरातच आहेत, पत्र पाठवायची गरज नाही.

दाराखालच्या फटीतून तुमचे पाय दिसत होते. राखाडी मोजे, डाव्या अंगठ्याला रफू केलेलं. मी तिला घेऊन खाली बसले, अगदी फटीला तोंड लावून हाक मारली. पाय मागे सरकले नाहीत की पुढे आले नाहीत. काढून ठेवलेल्या चपलांसारखे ते तिथे होते.

तुमची सून

३ मे

सूनबाई,

जिंकलीस म्हणून लिहीत नाहीये. तू जिंकली नाहीस, समितीनं तुझा जबाब बाजूला ठेवला. ‘शोकाच्या भरात दिलेला’ असा शेरा आहे. पण काय झालं ते तुला कुणीतरी सांगणारच, तर ते मीच सांगते. तो सांगेल तेव्हा माझी बाजू सोडून सांगेल.

समन्स आलं तेव्हा तो खूश झाला. खरंच खूश झाला. सुनावणीच्या आदल्या दिवशी शर्टाला इस्त्री करत होता, कॉलर उलटी करून, बोटीवर शिकलाय तसं. म्हणाला, “आई, मी सगळं सांगणार आहे. लपवण्यासारखं काय आहे त्यात? माझी आई आत गेली. माणसाचं काळीज असलेली कुठलीही बाई गेली असती. त्यांना द्यायची ती शिक्षा देऊ देत. मी नोकरी सोडतो, दर आठवड्याला भेटायला येतो. पण माझी आई बाहेर बसून राहिली असं मी कुणाला लिहू देणार नाही.”

मी डाळ निवडत होते. खडे बाजूला काढत होते आणि परत डाळीतच टाकत होते. माझ्या लक्षातच येत नव्हतं.

काय करायचं होतं मी? गप्प बसले असते तर तुरुंग, आणि हातातलं काम कायमचं गेलं असतं. पण तो भेटायला आला असता. जाळीच्या पलीकडे बसून माझ्याकडे तशाच डोळ्यांनी बघितलं असतं. याचा मी विचार केला, सूनबाई. केला नाही असं तुला वाटत असेल तर ते खोटं आहे. त्याचा शर्ट इस्त्री होईपर्यंत मी तोच विचार करत होते. आणि मग मला ते हात आठवले, माझे, आणि ते पुन्हा कधी कुठल्या बाळंतिणीला लागणार नाहीत हे आठवलं, आणि मी बोलून गेले.

“मी आत गेले नव्हते.”

त्यानं इस्त्री उभी केली. मला वाटलं, ओरडेल. तो जवळ आला, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “घाबरू नकोस, आई. माझ्याशी तरी खोटं बोलू नकोस.”

त्याला पटेना! मी परत सांगितलं. तो म्हणाला, वकिलानं शिकवलं का हे? मी शपथ घेतली. तो म्हणाला, तुरुंगाच्या भीतीनं माणूस काहीही म्हणतो, मी समजू शकतो, पण मला माझी आई माहीत आहे. मी चिडले. आयुष्यात कधी स्वतःच्याच वाईटपणाची साक्ष काढायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. मी मोजे दाखवले, मोडा दाखवला, मी कुठे बसले होते ते दाखवलं. तो मान हलवत राहिला, लहान पोराची समजूत काढावी तशी माझी काढत राहिला. शेवटी माझ्या तोंडून निघून गेलं, “अरे, मग ते हँडल कुणी उपटलं असं वाटतं तुला?”

मग तो वळला.

बराच वेळ दाराकडे बघत उभा होता. मग आत गेला, दार लावून घेतलं आणि आतून म्हणाला, “बाहेरून धर.”

“काय?”

“त्या दिवशी धरलं होतंस तसं धर.”

मी धरलं. नाही कशी म्हणणार? त्यानं आतून ओढलं. त्याचे हात तुला माहीत आहेत, लोखंड वाकवणारे. पण त्यानं जोर लावला नाही. अगदी हळू ओढलं त्यानं, जेमतेम उभी राहू शकणारी बाई एका हातानं ओढेल तेवढंच. दुसरा हात त्याचा छातीशी दुमडलेला असणार, मला दिसत नव्हतं पण मला कळलं. आणि मी धरून ठेवलं. मुद्दाम नाही, सोडायचं सुचलंच नाही. काड्या ठोकून बसवलेले स्क्रू करकरले, आणि ते हँडल माझ्या हातात आलं.

दार उघडलं. तो माझ्याकडे बघत होता. “एवढा वेळ?” एवढंच विचारलं त्यानं. मी सांगितलं नाही किती वेळ. मला माहीत आहे, तुला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून समितीपुढे गेला. “माझ्या आईनं बाळाला हात लावला नाही, खोलीत पाऊल ठेवलं नाही. हे मी खात्रीनं सांगतो,” म्हणाला. चष्मेवालीनं विचारलं, तुम्ही तर बोटीवर होतात, तुमची खात्री कशी? तो म्हणाला, “मी करून बघितलंय.” तिला काही कळलं नाही. कळलं नाही तरी लिहून घेतलं.

अध्यक्षबाई माझ्यावर प्रसन्न होत्या. म्हणाल्या, घरचं माणूस असूनही, इतक्या अवघड प्रसंगी तुम्ही नियम मोडला नाहीत, याची समितीनं नोंद घेतली आहे. इतर सुईणींनी तुमचा आदर्श ठेवावा. मागच्या बाकावरून कुणीतरी उठून बाहेर गेल्याचा आवाज आला. मी वळून बघितलं नाही.

नोंदणी परत मिळाली. प्रमाणपत्र आजच आलं, नवा शिक्का, नवा फोटो. आता मी कुठल्याही बाळंतिणीच्या खोलीत उजळ माथ्यानं जाऊ शकते. शेजारच्या गल्लीतली सातवा महिना लागलेली एक पोर परवाच विचारून गेली, तुमच्या हातून व्हायचंय म्हणते. मी हो म्हटलंय.

तो आज सकाळी तुझ्याकडे यायला निघाला. पिशवी घेतली, तुझीच, माळ्यावरची. हँडल मी पुढे केलं, बसव म्हटलं जाता जाता. त्यानं ते घेतलं, स्क्रूसकट रुमालात गुंडाळलं आणि पिशवीत टाकलं. मला नमस्कार केला नाही. तुझ्या हातात देईल बहुधा.

तुझी खोली आवरून ठेवली आहे. दाराला बाहेरून आता धरायला काही नाही. नुसतं बोट लावलं तरी उघडतं.

सासू